अठ्ठावीस गाठी

तलासरीच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात शिरलं की समोर भिंतभर निळी पाटी दिसते. अस्थिरोग सोमवार, नेत्ररोग मंगळवार, त्वचारोग बुधवार, शस्त्रक्रिया गुरुवार, कान-नाक-घसा शुक्रवार, स्त्रीरोग आणि बालरोग रोज. अगदी खाली हृदयरोग, आणि त्याच्यापुढे वार नाही, नुसती एक चांदणी. पाटी सुबक रंगवलेली आहे. पण ती उभं राहून वाचणारी माणसं दिवसाला दहा-बारा. बाकीची दोन-अडीचशे माणसं पाटीकडे पाठ करून खालच्या लाकडी टेबलाकडे वळतात, कारण तिथे नर्मदाबाय बसते.

नर्मदा राऊत, बोर्डीची. वय चोपन्न. रोज सकाळची तलासरीची एसटी धरायची, आठाच्या आत टेबल पुसून बसायचं, हा तिचा एकोणीस वर्षांचा परिपाठ. डॉक्टरकीचं शिक्षण म्हणाल तर शून्य. बारावी झाली आणि लग्न करून चिकूच्या वाडीत आली. नवरा दौलत एकदा चिकू काढताना झाडावरून पडला, कमरेत मोडला, आणि याच दवाखान्यात साडेतीन महिने पडून राहिला. त्याच्या उशाशी बसून बसून नर्मदाला वॉर्डातली सगळी माणसं पाठ झाली. कोणाला एक्स-रेची खोली सापडेना, कोणाला डॉक्टरांचं मराठी कळेना, कोणाचं डॉक्टरांना कळेना. ती उठायची आणि पोचवून यायची. नवरा काठी टेकत घरी गेला तेव्हा ट्रस्टींनी तिलाच खुर्ची देऊ केली. दौलत अजून पाहुण्यांना सांगतो, "मी पडलो म्हणून हिला नोकरी लागली. मला कमिशन मिळालं पाहिजे."

दुखणं कुठल्या दाराशी न्यायचं हे तिला चटकन उमजे. पाड्यावरची माणसं दुखण्याची नावं सांगत नाहीत, दुखणं सांगतात. पोटात चिंबोरी चालते म्हणाला की सर्जन. कानात भुंगा बसलाय म्हणाली की शुक्रवार. गुडघ्यात वाळू म्हटलं की सोमवार. "बाय, माझा जीवच लागत नाही कशात," असं म्हणणारी बाई आली की नर्मदा तिला कुठेच पाठवायची नाही. आधी बाजूच्या स्टुलावर बसवायची, पाणी द्यायची, आणि अर्ध्या तासाने ठरवायची.

खरी अडचण असायची ती पुढच्या तारखेची. कागदावर तारीख लिहून दिली तर कागद कुडाच्या भेगेत खोचला जायचा, आणि पावसाळ्यात त्याचा लगदा व्हायचा. फोनवर संदेश पाठवावा तर फोन घरातल्या कमावत्या माणसाच्या खिशात, आणि तो माणूस वापीच्या कारखान्यात नाहीतर समुद्रात. या अडचणीवरचा तोडगा नर्मदाला मिळाला तो वॉर्डातल्या आयाकडून, जिवलीकडून. जिवलीच्या पाड्यात पूर्वी लग्नाचं आवतण दोऱ्याने जायचं. जितके दिवस बाकी तितक्या गाठी. पाहुण्याने रोज सकाळी एक गाठ सोडायची. शेवटची सुटली की नवी लुगडी नेसून निघायचं. नर्मदाने बोर्डीच्या फुलवाल्याकडून गजऱ्याच्या जाड दोऱ्याचं रीळ आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाठी मारायला लागली. टाके काढायला सात गाठी. प्लास्टर सोडायला बेचाळीस. माणसं यायला लागली, आणि चुकेनाशी झाली. हातात मोकळा दोरा धरून दारात उभी राहायची, तिकीट दाखवावं तशी.

शिबिरांचं काम बघणारा प्रितेश तिची फिरकी घ्यायचा. उंबरगावचा मुलगा, तिशीचा, अर्धं गुजरातीत अर्धं मराठीत बोलणारा, कॉम्प्युटरसमोर बसून सगळ्यांना संदेश पाठवणारा. "नर्मदाबेन, तुमचं सॉफ्टवेअर सारू छे. हँग नाही होत."

"रेंज पण लागत नाही त्याला," नर्मदा म्हणायची. आणि तसं म्हणताना तिला जरा बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोला.

बारकी पहिल्यांदा आली ती गेल्या वर्षी गणपतीनंतर. रानशेतच्या पुढे आत डोंगराकडे तिचा पाडा. जीपने चारोटी नाका, तिथून हायवेची बस, असं दीड-दोन तासांचं येणं. काखेला नऊ वर्षांची शितल. एवढी मोठी मुलगी काखेला बघून नर्मदाने आधी थट्टाच केली, की आईला चालवत आणायचं सोडून स्वतःच बसून आलीस होय. मुलगी हसली, पण हसताना दोनदा थांबली. नर्मदाची थट्टा तिथेच विरली. तिने नेमकं दार ओळखलं, पण त्या दाराला वार नव्हता, चांदणी होती.

आधी गुडघे सुजले, मग घोटे, मग ताप, आणि आता झोपडीतून विहिरीपर्यंत जाताना तीनदा बसते, असं बारकीने सांगितलं. बालरोगाच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. तापाने हृदयाची झडप खराब केली होती. महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन सुरू झालं. नोव्हेंबरात शहरातल्या मोठ्या इस्पितळाची हृदयाची टीम यंत्र घेऊन आली. ती दर तीन महिन्यांनी एकदा येते; चांदणीचा अर्थ तोच. त्यांनी शितलला पडद्यावर तपासलं आणि नाव यादीत घेतलं. फेब्रुवारीच्या फेरीला सहा मुलं इथूनच गाडीत बसवून नेणार, ऑपरेशन फुकट, आईची सोय तिथेच. टीमच्या डॉक्टरीणबाईंनी जाताना नर्मदाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही चुकवू नका. मे महिन्यापर्यंत थांबण्यासारखं हिचं हृदय नाही."

जानेवारीत बारकी इंजेक्शनला आली तो गुरुवार होता, आणि गाडी बरोबर चार आठवड्यांनी, गुरुवारीच. बारकीचा नवरा उमेश वेरावळकडे बोटीवर खलाशी. ऑगस्टात गेलेला, पावसाळ्याच्या तोंडावर परतणार. ऑपरेशनच्या कागदावर त्याचा अंगठा दिवाळीत तो दोन दिवस घरी आला तेव्हाच घेऊन ठेवला होता. तेवढी दूरदृष्टी नर्मदाचीच. प्रितेशने त्या दिवशी विचारलं होतं की उमेशचा नंबर समुद्रात लागत नाही, शेजारच्या कोणाचा तरी घेऊया का. टेबलाभोवती गर्दी होती. नर्मदाने बारकीच्या हातात दोरा ठेवला, अठ्ठावीस गाठींचा, आणि म्हणाली, "उद्या सकाळी पहिली सोड. शेवटची सुटली की दिवस उगवायच्या आत निघ." मग प्रितेशकडे बघून, "नंबर कशाला? हा लागतो."

शेजाऱ्याचा नंबर राहिला तो राहिलाच.

तो गुरुवार उजाडला. नर्मदाने घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि बारकीसाठी स्वतःचं एक लुगडं आणलं होतं, शहरात थंडी वाजू नये म्हणून शितलला दौलतची जुनी शाल. नऊ वाजता पाच मुलं हजर. दहा वाजले, अकरा वाजले. प्रितेश उमेशचा नंबर फिरवत राहिला आणि ती यंत्रातली बाई संपर्काबाहेर, संपर्काबाहेर म्हणत राहिली. पाड्याची आशाताई बाळंतिणीला घेऊन आदल्या दिवशीपासून डहाणूला. रानशेतच्या एका दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, तो पाडा आत चार किलोमीटर, माणूस पाठवतो, पण लगेच नाही जमणार.

बारा वाजता नर्मदा गाडीच्या दारात जाऊन उभी राहिली. तिला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण दार अडवलंय. डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी आत बोट दाखवलं, मागच्या सीटवर एका मुलाला ऑक्सिजन लावलेला होता. "नर्मदाताई, मी किती वेळ थांबू ते तुम्हीच सांगा." नर्मदा बाजूला झाली.

सहावी जागा मोकळी नेता येत नव्हती. प्रतीक्षा यादीतला एक मुलगा त्या दिवशी नुसता तपासणीला आलेला होता. त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याची आई गाडीत चढता चढता परत खाली आली आणि कोणाचे पाय धरावे हे न कळून तिने नर्मदाचेच धरले. नर्मदाने तिला उठवलं. भाकऱ्या तिच्या हातात दिल्या, लुगडं दिलं, शालही दिली.

त्या संध्याकाळी एसटीत बसल्यावर तिला बारकीचा फार राग आला. एवढं सांगून, एवढं करून ही बाई येत नाही म्हणजे काय. घरी दौलतला तेच सांगत होती. तो काठी भिंतीला लावून ऐकत बसला होता, मग एवढंच म्हणाला, "न येणारी असती तर जानेवारीत कशाला आली असती गं?"

सोमवारी सकाळी, हाडांच्या वारी, दारात नेहमीप्रमाणे प्लास्टरांची गर्दी. त्या गर्दीतून वाट काढत बारकी आली. काखेला शितल, डोक्यावर गाठोडं, केसांना तेल लावलेलं. मुलीला नवा फ्रॉक. बारकीचा चेहरा परीक्षेला वेळेवर पोचलेल्या मुलासारखा.

"आली ना बाय बरोबर?" तिने मोकळा दोरा टेबलावर ठेवला. "आज पहाटे शेवटची सोडली. गाडी कुठं लागली?"

नर्मदा दोऱ्याकडे बघत राहिली. गाठी सुटल्यावर दोऱ्याला जिथे तिथे बारीक वळ्या राहतात, तशा त्यावर होत्या. सगळ्या, अठ्ठावीस.

"बारकी, गुरुवारी यायचं होतं."

"गुरुवारी चार बाकी होत्या."

"चार कशा बाकी राहतील? रोज एक सोडलीस ना?"

"रोज सोडली." मग बारकी समजावून सांगावं तशी म्हणाली, "मधी सासरा गेला ना आमचा. लाहू. मरणात गाठ नाय सोडत, बाय. चार दिवस घर बाटलेलं. त्यात सोडलेल्या गाठीचा काम पण मरतं. मी दोरा वर आढ्याला बांधून ठेवला, पोरीच्या कामाला वारा लागू नये. घर सारवलं, अंघोळी झाल्या, मग पुढची सोडली."

समोरची बाई एकटी. नवरा समुद्रात, त्याला बाप गेल्याचंही ठाऊक नाही. तिने सासऱ्याचं सगळं चार शेजाऱ्यांना घेऊन उरकलं, आणि त्या सगळ्यात हा दोरा जपला, मुलीच्या ऑपरेशनला मरणाचा स्पर्श होऊ नये म्हणून आढ्याला बांधून. चूक शोधायला गेलं तर बारकीकडे सापडत नव्हती.

जिवली तिथूनच झाडू घेऊन चालली होती. नर्मदाने तिला थांबवून विचारलं. जिवलीने बारकीकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. "हो. मरणात कोण सोडेल?"

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय?" जिवली हळूच म्हणाली. "ते सगळ्यांनाच माहीत असतं."

त्यानंतरचे दोन तास टेबल रिकामं होतं आणि माणसं पाटीखाली नुसती उभी होती. नर्मदा प्रितेशच्या खोलीत गेली. कॉम्प्युटरवर शितलच्या नावापुढे गैरहजर असं आलेलं. प्रितेशने थट्टा केली नाही, नंबराची आठवणही काढली नाही. ती काढली असती तर बरं, असं नर्मदाला वाटलं. त्याने शहरात फोन लावला. एका विभागाने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी कोणीतरी नीट ऐकून घेतलं. शिबिरातून येणाऱ्या मुलांच्या तारखा मे अखेरपर्यंत लागलेल्या होत्या. स्वतःहून घेऊन या, ओपीडीत दाखवा, नाव नव्याने लावू. पण कधी घेऊ ते सांगता येणार नाही, आणि तोवर शहरात राहण्याची सोय तुमची तुम्ही बघायची.

"मी येते तुझ्याबरोबर," नर्मदा बारकीला म्हणाली. "आठ दिवस, पंधरा दिवस. दौलतचं मी बघते."

बारकीने तिच्याकडे पाहिलं. घरी दोन वर्षांचा मुलगा आहे, आठ दिवसांपूर्वी विधवा झालेली आंधळी सासू आहे. शेजारणीने चार दिवस बघते म्हटलंय, ते सासूला जेवू घालायला. पुढे केव्हा हेच ज्यांना सांगता येत नाही त्यांच्या दाराशी किती दिवस बसायचं? हे सगळं तिने एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तिथं गेल्यावर करतील का पण?"

नर्मदाला हो म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षांत तिने कितीकांना हो, होईल सगळं नीट, म्हटलं होतं. या वेळी तिने ते म्हटलं नाही.

बालरोगाच्या डॉक्टरांनी शितलला तपासलं. पायावर बोट दाबलं तर खळगा राहत होता. त्यांनी तिला वॉर्डात ठेवून घेतलं. लघवी होऊन सूज उतरायचं औषध, इंजेक्शन, मिठाविना जेवण. पाच दिवसांत सूज उतरली, मुलगी वॉर्डभर गप्पा मारायला लागली, जिवलीच्या झाडूला हाताने मोजून दाखवायची की केवढा लांब आहे. बारकीचा चेहरा उजळला. बरी झाली ना बाय, असं तिने तीनदा विचारलं. डॉक्टरांनी बारकीला गोळ्या समजावल्या आणि नर्मदाला व्हरांड्यात सांगितलं की आपल्याकडे याच्यापुढे काही नाही. सूज परत येईल. ते बोलताना ते त्या निळ्या पाटीकडे बघत होते, आणि नर्मदाही. त्या पाटीवरून तिने इतकी माणसं इतक्या दारांशी पोचवली होती. या मुलीचं दार त्यावर होतं, सगळ्यात खाली, चांगल्या अक्षरात.

शनिवारी बारकी निघाली. या वेळी प्रितेशने तीन नंबर लिहून घेतले, आशाताईचा, रानशेतच्या दुकानदाराचा, आणि शाळेच्या मास्तरांचा. पुढची फेरी मे महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी; तोवर मुलीला एवढा प्रवास नको म्हणून महिन्याचं इंजेक्शन आशाताई जवळच्या उपकेंद्रात देववणार. तरीही बारकी टेबलापाशी घुटमळत राहिली, आणि नर्मदाला कळलं की ती दोऱ्यासाठी थांबलीय.

नर्मदाने रीळ काढलं. हात नेहमी आपोआप चालायचे, आज मोजणी चुकत होती. दोनदा उसवून परत मारल्या. तीन महिन्यांच्या गाठी म्हणजे लांबलचक दोरा झाला. शितल स्टुलावर बसून बोटाने एकेक चाचपत होती.

"हे बघ बारकी," नर्मदा म्हणाली, "आता नीट ऐक. घरात मरण पडलं तरी गाठ सोडायची. कोणाचंही काही झालं तरी. हा लग्नाचा दोरा नाही. थांबवायचा नाही."

बारकीने ऐकलं. मग तिने शितलकडे पाहिलं. मुलगी चाळिसाव्या गाठीपर्यंत मोजत आली होती आणि मध्येच श्वास घ्यायला थांबली होती.

"कोणाचाही?" बारकीने विचारलं.

नर्मदाच्या हातात दोऱ्याचं टोक होतं, ते तसंच राहिलं. आपण काय बोलून गेलो हे तिला तेव्हा कळलं. बारकीने ते टोक तिच्या हातातून घेतलं, दोरा गुंडाळला, पदराच्या टोकाला बांधला, मुलीला काखेला मारलं आणि बसच्या दिशेने चालायला लागली.

त्या दिवशी नर्मदाने तेवढ्याच गाठींचा आणखी एक दोरा केला. तो तिच्या टेबलाच्या खणात असतो. सकाळी एसटीतून उतरलं, टेबल पुसलं की पहिली गाठ सोडायची आणि मग समोरच्या माणसाला विचारायचं, काय होतंय. रविवारची ती सोमवारी सोडते, एकदम दोन.

दर आठवड्याला ती रानशेतच्या दुकानदाराला फोन करते. तो आता कंटाळत नाही. पाड्यावरचं कोणी ना कोणी त्याच्याकडे मीठ-तेलाला येतंच, त्यांना विचारून ठेवतो. आहे, आहे, पोरगी बरी आहे, तो सांगतो. अंगणात बसलेली असते.

सात आठवडे झाले. दर वेळी ती बसलेलीच असते. चालताना दिसली, असं तो अजून एकदाही म्हणालेला नाही, आणि नर्मदानेही त्याला तसं विचारलेलं नाही. फोन ठेवायचा आणि खण उघडायचा. काल सकाळी तिने मोजल्या. पस्तीस उरल्यात.